राणी घागर घेऊन निघाली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी दाजींचं नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ते कामाला होते. आमचं गाव खानापूर तालुक्यात, शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या पुढं काय करायचं हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता, कारण तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. एका दिवाळीला दाजी सासुरवाडीला आले, माझी पाटी हातात घेऊन बघितली आणि वडिलांना म्हणाले, "ह्याला औताला जुंपू नका. मी निपाणीला घिऊन जातो."

वडील म्हणाले, "न्या की. पन खातंय लई पोरगं."

"खाऊ दे. तुमची लेक काय कमी खातीया व्हय?"

आक्का आतून ओरडली, "ऐकाया येतंय मला!" आणि माझं शिक्षण ठरलं. निपाणीची शाळा, मग कोल्हापूरचं कॉलेज, मग बी.ए. आज मी बेळगावात मास्तर आहे आणि टिळकवाडीत दोन खोल्यांत राहतो. हे सगळं त्या एका दिवाळीपासून निघालं.

परवा आमच्या शाळेत वादसभा झाली. विषय मुलांनीच निवडला होता : एकदा येऊन गेलेला चित्रपट दुसऱ्यांदा काढला, तर तो पहिल्याची बरोबरी करील काय? परीक्षक म्हणून मला बसवलं होतं. मुलं हिरिरीनं बोलत होती. एकानं सांगितलं, जुनं ते सोनं. दुसऱ्यानं सांगितलं, मग सोन्याचा दागिना मोडून नवा का घडवतात? टाळ्या पडल्या. मी समोरच्या कागदावर गुण मांडत होतो आणि मला फार थकल्यासारखं वाटत होतं. हा प्रश्न मला बारा-तेरा वर्षांपूर्वी एका माणसानं विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. मुलांना काय गुण देणार? दोन्ही बाजूंना सारखेच दिले आणि घरी आलो.

तो माणूस म्हणजे दाजी.

मी निपाणीला राहायला गेलो तेव्हा चित्रपट मुके होते. बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू ठोकलेला असे. दाजी दिवसभर वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांवर देखरेख करत, आणि दिवेलागणीला अंगावरची तंबाखू झटकून, स्वच्छ सदरा घालून तंबूत जात. पडद्याच्या डाव्या अंगाला एक लाकडी खोकं होतं. त्याच्यावर उभं राहून ते चित्रपट सांगत.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर नवल वाटतं. पडद्यावर मधून मधून अक्षरं येत. पण ती इंग्रजी, गुजराती, हिंदी. तंबूतल्या शंभरातल्या नव्वदांना कुठलंच अक्षर येत नसे. म्हणून एक सांगणारा लागे. दाजी मराठी तिसरीपर्यंत शिकले होते. हिंदी अक्षरं लागत, बाकीची चित्रावरून ओळखत. निपाणीच्या बाजाराला मराठी आणि कानडी दोन्ही माणसं येत, त्यामुळं ते प्रत्येक गोष्ट आधी मराठीत आणि मग कानडीत सांगत. दुःखाचा प्रसंग आला की आधी अर्धा तंबू रडे आणि मग उरलेला अर्धा. एकदा एक म्हातारा दोन्ही वेळा रडला. दाजी खोक्यावरून म्हणाले, "आज्जा, एका बाजूला बसा की! दोनी भाषांचं कशाला वडून घेतासा?"

त्या सगळ्या खेळांत एक चित्रपट असा होता की तो दर वर्षी फिरून यायचा आणि दर वर्षी तंबू भरायचा. गोष्ट साधी होती. एका राजानं संशयावरून राणीला हाकलून दिलं. राणी वेष पालटून त्याच्याच वाड्यात पाणी भरायला राहिली. बारा वर्षं तिनं डोक्यावर घागर घेऊन त्याच्या समोरून ये-जा केली, त्यानं ओळखलं नाही. शेवटी ओळख पटते. राजा दोन्ही हात पसरतो. राणी पुढं येते आणि खाली वाकते.

तिथं चित्र तुटायचं. मुंबईहून निघालेलं रीळ गावोगावचे तंबू करून आमच्याकडं येईपर्यंत झिजलेलं असे, आणि शेवटचा तुकडा कुठल्या तरी गावात गळून पडला होता. राणी वाकली की पडद्यावर नुसता पांढरा उजेड. पडद्याखाली बसलेला पेटीवाला वाजवायचा थांबे. आणि त्या पांढऱ्या पडद्याशेजारी उभे राहून दाजी सांगत :

"राजा म्हणतोय, ऱ्हा. राणी म्हणतीया, बारा वर्सं तुमच्याच घरचं पाणी भरलं, तवा वळखलं न्हाय. आता वळख पटली, तर माझं पाणी भरायचं सपलं. ती वाकलीया, ती पाया पडाया न्हवं. घागर उचलाया वाकलीया. उचलली. आन् निघाली."

एवढं झालं की बायकांच्या बाजूचा आडपडदा हलायचा. त्यातल्या बऱ्याच वखारीतल्या असत. कुणी तरी हटकून विचारी, "कुठं निगाली वो, दाजी?"

मग दाजी वाट सांगत, आणि ती दर वेळी वेगळी असे. चिकोडीकडची माणसं जास्त दिसली तर राणी चिकोडीच्या वाटेनं माहेरी जायची. कधी तवंदीचा घाट चढायची, घाटात बसून भाकरी सोडायची, भाकरीबरोबर कांदा होता की ठेचा तेही कळायचं. मी निपाणीला आलो त्याच महिन्यात हा खेळ लागला होता. मला घरची आठवण येऊन सारखं रडू येई, हे दाजींना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "राणी निघाली, ती लोंढ्याला जाऊन गाडी बदलणार हाय."

सगळा तंबू हसला. एक बाई म्हणाली, "राजाच्या वक्ताला आगीनगाडी कुठली वो?"

दाजी म्हणाले, "राणीला न्ह्याया आलती. परत गेली."

लोंढ्यावरून आमच्या गावाकडं जायची वाट आहे. ती राणी माझ्यासाठी तिकडं वळली होती. त्यानंतर मी रडलो नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा निपाणीत बोलपट आला. तंबूच्या मालकांनी पत्र्याचं थिएटर उभं केलं, यंत्र बसवलं, दारं-खिडक्यांना काळी कापडं लावली, म्हणजे दुपारीही खेळ व्हावा. सुरुवात कशानं करायची? तर त्याच राणीच्या गोष्टीनं. मुंबईत ती पुन्हा काढली होती, बोलणं आणि गाणी घालून.

बाजाराचा दिवस धरून मी कोल्हापूरहून आलो. आक्का चुलीपाशी होती. तिनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "आज दाजींचा निकाल हाय रं."

मालकांनी दाजींना सांगितलं होतं की आता यंत्रच बोलणार, सांगणाऱ्याचं काम नाही. दाजी म्हणाले, यंत्र हिंदी बोलणार, लोकांना ती कुठं कळते? मालक विचारात पडले. शेवटी ठरलं असं : पहिल्या खेळाला दाजींनी लोकांत बसायचं. लोकांनी आपण होऊन मागितलं आणि दाजींनी उठून सांगितलं आणि ते लोकांना रुचलं, तर दाजी राहतील. नाही तर नाही.

"वखारीतल्या बायका मागतीलच," आक्का म्हणाली. "पर तू संगं बस त्यांच्या. खोक्यावर हुबं ऱ्हायाची सवय, लोकांतनं उठाया त्यांना जड जाईल."

दाजी नवा सदरा घालून आले. मला बघून म्हणाले, "काय पावणं, परीक्षा तुमची का आमची?" मी हसलो.

आम्ही मधल्या ओळीत बसलो. मालक दाराशी हाताची घडी घालून उभे होते. दिवे गेले आणि राणी बोलली. मी त्या राणीला दहा-अकरा वर्षं ओळखत होतो, आणि तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. लोक एकमेकांकडं बघायला लागले. घागर विहिरीत बुडाल्याचा आवाज आला तर मागं कुणी तरी "आयला!" म्हणालं. हिंदी फारशी कळत नव्हती, पण गोष्ट पाठ होती. चित्र स्वच्छ होतं. कुठं तुटत नव्हतं.

शेवट आला. राजानं हात पसरले. राणी वाकली. पडदा पांढरा झाला नाही. राणी राजाच्या पायावर डोकं ठेवून होती, आणि त्याच्यावर गाणं सुरू झालं.

तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आगं, घागर कुठं ऱ्हायली?"

"पाया का पडतीया ती?"

"दाजी! ओ दाजी! बसलासा काय? सांगा की!"

पुरुषांतूनही दोघंतिघं म्हणाले, "सांगा, सांगा." दाजी अर्धे उठले. मला त्यांच्या छातीत श्वास भरल्याचं जाणवलं. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि म्हणालो, "बसा दाजी. बोलपटात मधी बोलायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिकलेला होतो. मला ठाऊक असणार असं त्यांना वाटलं असावं. ते बसले. बायकांनी आणखी एकदोन हाका मारल्या आणि गाणं संपेपर्यंत त्याही गप्प झाल्या. दिवे लागले तेव्हा मालक दाराशी नव्हते. त्यांना कळायचं ते कळलं होतं.

परत येताना दाजी माझ्या पुढं चालत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "पावणं, तुमी शिकलासा. तुमी सांगा. कुठला बरा? पयला का दुसरा?"

मी म्हणालो, "तुलना करणं अवघड आहे, दाजी. दोन्हींची माध्यमं वेगळी आहेत."

"आसं व्हय," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दाजी नुसते वखारीतले राहिले. खोकं मालकांनी पानवाल्याला देऊन टाकलं. मी आक्काला बाहीचं सांगितलं नाही. ती बायकांच्या बाजूला होती, तिला दिसलं नव्हतं. तिला वाटलं, दाजींना धीर झाला नाही.

मला चैन पडेना. काही तरी करून ते काम दाजींना परत मिळवून द्यायचं, असं मनात घेतलं. पण मला येत होतं ते एकच, लिहिणं. बेळगावच्या एका साप्ताहिकात माझे दोन लेख आले होते. मी तिसरा लिहिला. दुसऱ्यांदा काढलेला चित्रपट पहिल्याला पोचूच शकत नाही, असा त्याचा सूर. पुरावा म्हणून मी लिहिलं की मूळ चित्रपटात राणी घागर उचलून स्वाभिमानानं निघून जाते. बोलपट काढणाऱ्यांनी तो तेजस्वी शेवट कापला आणि तिला पायावर घातलं. निपाणीच्या बायकांना जे कळलं ते मुंबईच्या शहाण्यांना कळलं नाही, असंही एक वाक्य टाकलं. मला वाटलं, हे मालक वाचतील, आणि दाजींना बोलावतील.

छापून आल्यावर अंक मी स्वतः दाजींना नेऊन दिला. ते अक्षराखाली बोट धरून वाचत गेले. शेवटाशी आल्यावर बोट थांबलं. "लई चांगलं लिवलंसा," एवढंच म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण मी तो वाचू शकलो नाही.

पुढच्याच अंकात एका वकिलांचं पत्र आलं. त्यांनी तो मूळ मूकपट मुंबईत नव्याकोऱ्या रिळावर, पहिल्या आठवड्यात पाहिला होता. त्यांनी शांतपणे लिहिलं होतं की मूळ चित्रपटातही राणी राजाच्या पायाच पडते. घागर उचलून निघून जाण्याचा प्रसंग त्यात कुठं नाहीच. लेखकानं मूळ चित्रपट पाहिलेला दिसत नाही.

ते खरं होतं. मी सात-आठ वर्षं जो शेवट पाहिला, तो पांढऱ्या पडद्यावर पाहिला होता.

मालकांनी तो अंक थिएटरच्या दाराशी लावला आणि येईल त्याला वाचून दाखवला. "बगा, इतकी वर्सं तुमचा दाजी तुम्हांला खोटं सांगत हुता!" माझ्या लेखाशिवाय हे कुणाला कधी कळलं नसतं. काम गेलं होतं तरी दाजींचा मान होता. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, दाजी, ते अमकं सांगा की. आता वखारीतले हमाल टोमणे मारू लागले. "काय घागरवाले, राणी कुठवर गेली आज?" हे नाव त्यांना चिकटलंच. पुढं चेष्टा सरली, नाव राहिलं.

मी माफी मागायला गेलो. दाजी सोप्यात बसले होते.

"दाजी, तुम्हांला ठाऊक होतं, मूळचा शेवट काय आहे ते?"

"मला काय ठावं? तुकडा यायच्या आदीच गेल्ता. मी बी तुमच्यासारकंच तितवरच बगितलं."

"मग घागर कुठनं आली?"

"तिच्याच हातात हुती की, रं." ते प्रथमच चिडले. "वाकायच्या आदी खाली ठिवली तिनं, बगा तुमी. बाई पाण्याला आली, तर घागर टाकून जाईल व्हय? आमच्या वखारीतल्या बाया बगतोय मी रोज. मुकादम कितीबी बोलू दे, सांजंला आपलं फडकं, आपला डबा उचलत्यात आन् घराकडं जात्यात. म्या तेवढंच सांगितलं. आता कुणीतरी तिला घराकडं न्ह्याया नको का? पांढऱ्या पडद्यावर तशीच सोडू?"

आक्का आतून म्हणाली, "दोघंबी गप बसा आन् जेवा." आम्ही जेवलो. लेखाची माफी मी मागितली; बाहीचा विषय दाजींनी काढला नाही आणि मीही काढला नाही. तो आजवर कुणीच काढलेला नाही.

आता दाजींचा आवाज बसला आहे. तंबाखूच्या धुळीनं छाती धरली. मोठ्यानं चार वाक्यं बोलले की ठसका लागतो. आणि बेळगावात भिंतींवर नव्या जाहिराती लागल्या आहेत : तीच राणी, तिसऱ्यांदा. आमच्या मुलांनी वादसभेला तो विषय घेतला तो त्यामुळंच. त्या दिवशी घरी आल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि फाडून टाकायच्या आत टपालपेटीत टाकून आलो.

*

दाजी,

तुम्हांला आणि आक्काला नमस्कार. अक्षर मोठं काढलं आहे, म्हणजे तुम्हांलाच वाचता येईल. शेजारच्या पोराला वाचायला देऊ नका.

तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, पयला बरा का दुसरा. मी तेव्हा पुस्तकातलं काही तरी बोललो. आज उत्तर देतो.

दुसरा बरा होता, दाजी. चित्र स्वच्छ होतं, राणीचा आवाज गोड होता, आणि शेवटचं गाणं तर फारच चांगलं होतं. लेखात मी उलटं लिहिलं, ते खोटं लिहिलं. मला तो बोलपट आवडला होता.

तुमची बाही मी धरली, ती लोक हसतील म्हणून धरली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. कोण हसणार होतं? लोक तर तुम्हांला हाका मारत होते. ते गाणं चाललं होतं आणि मला ते पुरं ऐकायचं होतं. तुम्ही बोलला असता तर ऐकू आलं नसतं. एवढ्यासाठी मी तुम्हांला खाली बसवलं. आक्कानं मला सकाळी सगळं सांगितलं होतं, तरी बसवलं. आक्काला आजही वाटतं, तुमचा धीर सुटला. तिला हे पत्र वाचून दाखवा.

पहिल्याचं म्हणाल, तर तो मी पाहिलेलाच नाही. वकिलांनी लिहिलं ते बरोबर होतं. मी पाहिला तो तुम्ही सांगितलेला. मुंबईवाल्यांनी तो तिसऱ्यांदा काढला आहे, आणखी दहादा काढतील. जो मी पाहिला, तो त्यांना कधी दिसलाच नाही, तर ते पुन्हा कुठून काढणार? तिसरा मी बघायला गेलो नाही. जावंसं वाटत नाही. शाळा सुटल्यावर अलीकडं थकवा येतो.

ह्या रविवारी मी येतो. मोठ्यानं बोलायची गरज नाही, मी शेजारीच बसेन. मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही अर्धे उठला होतात, श्वास भरून घेतला होतात. बाजाराचा दिवस होता, सगळीकडची माणसं होती. मी बाही सोडली असती, तर राणीला कुठल्या वाटेनं न्हेणार होतासा?

तुमचा,
पावणा